'सैरंध्री' : चित्र आणि चित्राचे नाव

औंध (जि. सातारा) येथील श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याचे 'सैरंध्री' हे चित्र आहे. त्यामागील विराटपर्वाचे आख्यान मोरोपंत, श्रीधर आणि गावोगावचे हरिदास यांच्यामुळे मराठी श्रोत्याला घरचेच झाले आहे. चित्रात दिसते ती दासी. ती द्रौपदी होय, हे रंगरेषा सांगत नाहीत. चित्राचे नावही ते उघड करीत नाही. 'सैरंध्री' हे मुळात विशेषनाम नव्हे, व्यवसायवाचक सामान्यनाम आहे. अमरकोशाप्रमाणे परगृही राहणारी, तथापि स्ववश असलेली शिल्पकारिणी ती सैरंध्री. दास्य वेषातून दाखविता येते. स्ववशता कशी दाखवावी? ती येथे शब्दातच राहते, आणि चित्राचे सारे नाट्य त्या शब्दावर उभे आहे.

कथाकाव्यावरील चित्र शब्दावाचूनही उभे राहू शकते. लेर्मोंतोव्हच्या 'दीमन' या रशियन कथाकाव्यावरून व्रुबेलने 1890 मध्ये काढलेले चित्र याचे उदाहरण होय. काव्यातील नायिका तामारा तेथे नाही, प्रसंगही नाही. गुडघ्यांभोवती हात गुंफून बसलेली एक विशाल, खिन्न आकृती तेवढी आहे. नाव पुसले तरी ती खिन्नता उरते. 'सैरंध्री'चे नाव पुसले, तर मात्र एक सुंदर सेविका उरेल. रविवर्म्याच्या नायिका नाटकी आहेत, हा आक्षेप जुनाच आहे (तो घेणारे बहुधा नाटकच पाहून आलेले असतात!). खरे उणे निराळे आहे: अर्थाचा भार चित्रकाराने प्रेक्षकाच्या स्मृतीवर टाकला.

पण ती स्मृती स्थिर राहिली नाही. रविवर्मा 1906 मध्ये निवर्तला. पुढच्याच वर्षी सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांनी कर्झन ओळखला, सैरंध्रीत पराधीन देश. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. 1920 मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी याच कथेवर 'सैरंध्री' हा मूकपट काढला. औंधचे संग्रहालय 1938 मध्ये उघडले, तेव्हा चित्राखालचा शब्द पूर्वीचा राहिला नव्हता. 'परगृही, तथापि स्ववश' हा कोशातला अर्थ त्या वेळच्या प्रेक्षकाला कोश न उघडताच कळत होता. रंगांत मात्र काहीच बदलले नव्हते.