संज्ञापनशास्त्र आणि ऐकणारा

विद्यापीठांतील जुन्या शास्त्रांच्या पंक्तीस संज्ञापनशास्त्र येऊन बसलें, त्याला आतां पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. व्याकरणास किंवा तर्कशास्त्रास "तुझा विषय कोणता?" असें कोणी विचारीत नाहीं; या शास्त्रास मात्र तो प्रश्न अजून विचारला जातो. वृत्तपत्र, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि आतां हातांतील मोबाईल हें सर्व ज्याच्या पोटांत मावतें, त्याचें स्वतःचें असें काय? आमच्या मतें याला उत्तर आहे; पण तें अध्यापकांनीं आपल्या आचरणानें द्यावयाचें आहे.

या विषयास विद्यापीठांत घर मिळवून देणारे विल्बर श्रॅम हे मूळचे वाङ्मयाचे अभ्यासक. १९४७ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत संज्ञापन-संशोधनाची संस्था उभारली. त्याच विद्यापीठानें १९४९ मध्यें क्लॉड शॅनन यांचा गणिती सिद्धान्त वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. संदेशाच्या अर्थाशीं यंत्रज्ञास कर्तव्य नाहीं, असें शॅनन यांनीं आरंभींच स्पष्ट केलें होतें. तारायंत्रापुरतें हें योग्यच होतें. परंतु पुढें तीच आकृति फळ्यावर काढून माणसांच्या बोलण्यास लावण्यांत आली. अर्थ बाहेर राहिला, आणि ऐकणारा म्हणजे वरून ओतलेलें झेलणारें भांडें ठरला.

या समजुतीस छेद देणारें संशोधन त्यापूर्वींच झालें होतें, हें विशेष. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं ओहायो राज्यांतील एका परगण्यांत सुमारें ६०० मतदारांस महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. नभोवाणी व वृत्तपत्रें यांपेक्षां शेजारपाजारच्या बोलण्याचाच प्रभाव त्यांस अधिक आढळला. माणूस ऐकतो तो एकटा नव्हे, तर चारचौघांत बोलून ऐकतो.

या विचाराची एक मोठी परीक्षा पुढें मराठी मुलखांतच झाली. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें मुंबई राज्याच्या पांच मराठीभाषी जिल्ह्यांतील १५० गांवीं शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोनदां कार्यक्रम ऐकावयाचा आणि त्यावर लगेच चर्चा करावयाची, असा दहा आठवड्यांचा क्रम होता. परीक्षणाचें काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतें. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनीं त्याची धुरा वाहिली. जेथें श्रोतृमंडळ होतें तेथें लोकांच्या ज्ञानांत स्पष्ट भर पडली. नुसत्या रेडिओनें तितकी पडली नाहीं.

या प्रयोगाची योग्यता आम्ही पूर्णपणें मानतों. तरीही त्याचा मुख्य मापदंड "गांवकऱ्यांस काय कळलें" हा होता. गांवकऱ्यांपासून आपणांस काय कळलें, यास त्या मापांत जागा थोडी. शिवाय ज. च. माथुर व न्यूरथ यांचा वृत्तान्त १९५९ मध्यें युनेस्कोनें प्रसिद्ध केला तो इंग्रजींत. चर्चा झाली मराठींत. तिचें शास्त्र मात्र अशा भाषेंत बोललें, जी त्या ओसरीवर बसलेल्या बहुतेकांस अपरिचित होती.

शास्त्राचे निष्कर्ष जगांतील विद्वानांपुढें कसोटीस लागले पाहिजेत व त्यासाठीं इंग्रजी हवी, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांस प्रश्न विचारले त्यांनाही उत्तर ऐकण्याचा अधिकार आहे. वनस्पतिशास्त्रज्ञानें आपला निबंध झाडास वाचून दाखवावा, असें कोणी म्हणणार नाहीं. पण संज्ञापनशास्त्राचें झाड बोलतें!

आजच्या विभागांत बहुधा दोन चुली दिसतात. एकीवर बातमी लिहिण्याची, ध्वनिमुद्रणाची कारागिरी शिजते. दुसरीवर प्रश्नावल्या आणि कोष्टकें. बढतीच्या हिशेबांत छापलेले निबंध मोजले जातात, म्हणून दुसरीस मान अधिक. वास्तविक पहिल्या चुलीवरचें कौशल्य दुसरीच्या उपयोगीं पडावें. विद्यार्थ्यानें गांवांत जाऊन माहिती गोळा करावी आणि तीच माहिती, अर्थासह, गांवच्या भाषेंत गांवापुढें मांडून त्यांची हरकत ऐकून घ्यावी. ती हरकत प्रबंधांत उतरली तर प्रबंध अधिक खरा होईल.

ऐकणाऱ्याचें ऐकणें, हाच या शास्त्राचा स्वतःचा विषय होय. तो ज्या विभागास साधला नाहीं, त्याचीं कोष्टकें कितीही निर्दोष असोत, आपल्याच शास्त्राच्या परीक्षेंत तो अनुत्तीर्ण आहे असें आम्ही म्हणूं.