'स्वतंत्र' कलेचे शहर : बंगळूरसंबंधी काही विचार

नाट्यव्यवहाराचे वर्गीकरण करण्यासाठी मराठी समीक्षेने हौशी, व्यावसायिक आणि प्रायोगिक ही तीन विशेषणे रूढ केली. बंगळूर शहरातील कलाव्यवहारास आज 'स्वतंत्र' हे चौथे विशेषण लावण्यात येते, आणि ते नाटकापुरते मर्यादित नाही. शासकीय दालनांबाहेर चित्रे मांडणारे चित्रकार, चित्रपटसृष्टीच्या आश्रयाशिवाय गाणारे वाद्यवृंद, ध्वनिक्षेपक हाती घेऊन एकट्याने श्रोत्यांना हसविणारे विनोदकार हे सारे स्वतःस स्वतंत्र म्हणवितात. विशेषण आकर्षक आहे, पण अपुरे आहे. हौशी हा शब्द कलावंताच्या वृत्तीविषयी काही सांगतो, व्यावसायिक हा त्याच्या अर्थकारणाविषयी, प्रायोगिक हा कृतीच्या घाटाविषयी. स्वतंत्र हा शब्द केवळ एका संबंधाचा अभाव सांगतो. तो संबंध कोणाशी, शासनाशी, बाजाराशी की भाषेशी, हे स्पष्ट केल्यावाचून या शब्दाने कोणतेही मूल्यमापन करता येत नाही.

या शहराच्या विनोदाचा आरंभ शोधू गेल्यास टी. पी. कैलासम् (1884–1946) यांच्यापाशी थांबावे लागते. कैलासम् यांचे घर तमिळ, शिक्षण लंडनमध्ये, विषय भूगर्भशास्त्र. शासकीय नोकरी त्यांनी सोडली आणि कन्नड रंगभूमीला पौराणिक दरबारातून उचलून मध्यमवर्गीय घराच्या ओसरीवर आणून बसविले. 'टोळ्ळु-गट्टि' म्हणजे पोकळ आणि भरीव. परीक्षा उत्तीर्ण होणारा एक भाऊ आणि घरावर संकट आले असता उपयोगी पडणारा दुसरा, एवढ्यावर हे नाटक उभे आहे. 'होम रूलु' या शीर्षकात इंग्रजी राजकीय शब्दाला कन्नड उकार जोडला आहे, आणि तेवढ्या उकारानेच स्वराज्याची चळवळ स्वयंपाकघरात येऊन पोहोचते. कैलासम् यांची पात्रे जी कन्नड बोलतात तिच्यात इंग्रजी शब्द जागोजागी पेरलेले असतात. शुद्धिवादी समीक्षकांना ही भाषेची भेसळ वाटली. वस्तुतः पात्र ज्या शब्दाचा अर्थ नीट जाणत नाही तोच शब्द ते आपल्या प्रतिष्ठेसाठी वापरते, हे त्या भेसळीचे नाट्यगत प्रयोजन आहे. हसू येते ते शब्दाला नव्हे, तर त्यामागील आकांक्षेला.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, याच कैलासम् यांनी कर्ण, एकलव्य आदी महाभारतीय व्यक्तींवरील गंभीर नाटके इंग्रजीत लिहिली. गांभीर्यासाठी परकी भाषा आणि हसण्यासाठी घरची, असा हा विभाग आहे. मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून विनोदाची जी परंपरा सुरू झाली तिच्यात अशी विभागणी दिसत नाही; मराठी लेखक हसला काय आणि रडला काय, मराठीतच. बंगळूरच्या लेखकाला मात्र भाषा ही प्रथमपासूनच निवडीची बाब होती. मातृभाषा मराठी असलेले बेंद्रे धारवाडला कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, माथेरानला जन्मलेले कोकणीभाषक गिरीश कार्नाड कन्नडचे नाटककार झाले. परंतु त्यांनी एक भाषा निवडली आणि तिच्यात वस्ती केली. कैलासम् दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहिले. त्यांच्यानंतरचे शहरही बहुशः तेथेच उभे आहे.

गेल्या दीड दशकात फोफावलेला एकपात्री विनोद या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. तो तरुण, सुशिक्षित, संगणकव्यवसायाच्या आसपास वावरणाऱ्या वर्गातून आला आणि आरंभी प्रायः इंग्रजीतच होता. म्हणजे कैलासम् यांची विभागणी नेमकी उलटली. हसू इंग्रजीत गेले. पुढे 'लोलबाग' यांसारख्या मंडळींनी कन्नडमध्ये असे कार्यक्रम सुरू केले. (लालबागेच्या नावावरचा हा इंग्रजी-कन्नड श्लेष कैलासम् यांना खचित आवडला असता.) ही भाषा बदलण्याची क्रिया केवळ प्रेक्षकसंख्येच्या हिशेबाने समजणार नाही. इंग्रजीत बोलणारा विनोदकार वाहतुकीवर, घरमालकावर, रिक्षाचालकावर बोलतो तेव्हा त्याचे लक्ष्य त्याच्या सभागृहाबाहेर असते. कन्नडमध्ये बोलणाऱ्याचे लक्ष्य तिसऱ्या रांगेत बसलेले असू शकते. साहजिकच त्याला आपल्या मापाचे हसू मोजून काढावे लागते, आणि या संयमातून क्वचित कला निर्माण होते.

मराठी वाचकास येथे पु. ल. देशपांडे यांच्या 1961 मधील 'बटाट्याची चाळ' या एकपात्री प्रयोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि साम्य वरवरचे आहे. पु. ल. एकटे उभे राहत, पण मंचावर चाळ उभी राही. नटाचे 'मी'पण अनेक पात्रांत विरघळे. आजचा विनोदकार मंचावर 'मी' म्हणूनच येतो आणि 'मी' म्हणूनच जातो. आपले आईवडील, आपली नोकरी, आपले प्रेमभंग हाच त्याचा ऐवज. हा प्रकार आत्मनिवेदनाला जवळचा आणि नाट्याला दूरचा आहे. ज्याच्यापाशी अनुभवाची घनता आहे त्याचे निवेदन टिकते. ज्याच्यापाशी ती नाही त्याच्यापाशी केवळ चतुराई उरते, आणि चतुराईचे आयुष्य एका हंगामाचे असते. 'लंचावतार' या नाटकात चालू राजकारणावर ऐन वेळी भाष्य करीत जाणारे मास्टर हिरण्णय्या (1934–2019) या दोन प्रकारांच्या मध्ये कोठेतरी होते. पात्राच्या आडून बोलत असल्यामुळे त्यांना 'मी'चे ओझे नव्हते. या शहराच्या नव्या विनोदकारांनी विदेशी आदर्शांइतकाच त्यांचाही अभ्यास केला असता, तर त्यांच्या कार्यक्रमांना अधिक भरीवपणा आला असता.

स्वातंत्र्याचा प्रश्न भाषेपेक्षाही अधिक कठोरपणे उभा राहतो तो जागेच्या बाबतीत. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाला जे स्थान मिळाले ते सर्वश्रुत आहे. ती जागा सुटल्यावर चळवळीचे काय झाले हेही सर्वश्रुत आहे. बंगळूरला 2004 मध्ये उभे राहिलेले 'रंगशंकर' हे नाट्यगृह या दृष्टीने मराठी माणसाने नीट न्याहाळावे असे आहे. त्यामागील प्रेरणा शंकर नाग यांची. हे कन्नड चित्रपटाचे लोकप्रिय नट मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वाढले होते. 30 सप्टेंबर 1990 रोजी अपघातात त्यांचा अंत झाला आणि मुंबईच्या मराठी, गुजराती व हिंदी रंगभूमीवर काम केलेल्या अरुंधती नाग यांनी ते नाट्यगृह चौदा वर्षांनी साकार केले. सोमवार वगळता रोज नाटक, आणि पडदा उघडल्यावर कोणासही प्रवेश नाही, हे तेथील नियम. दुसरा नियम वरकरणी शिस्तीचा वाटतो. परंतु उशिरा येणे हा प्रतिष्ठेचा भाग मानणाऱ्या समाजात तो अभिरुचीचेच शिक्षण आहे. येथे स्वातंत्र्य म्हणजे संस्थेचा अभाव नव्हे, हे लक्षात येते. नियमित, काटेकोर आणि परवडणारी संस्था हीच येथे स्वातंत्र्याची अट झाली आहे.

चित्रकारांनी तीच अट निराळ्या मार्गाने पुरी केली. सुरेश जयराम यांनी शांतीनगरातील आपले घरच 'वन शांती रोड' या नावाने चित्रकारांना राहण्यास व चित्रे मांडण्यास खुले केले. सार्वजनिक जागांचा अनुभव मात्र कडू आहे. चित्रकार के. वेंकटप्पा (1886–1965) यांच्या नावाचे कस्तुरबा मार्गावरील शासकीय कलादालन 2015 मध्ये एका खाजगी प्रतिष्ठानास 'दत्तक' देण्याची योजना झाली. दालन सुसज्ज झाले असते यात शंका नाही. परंतु तेथे काय लागावे हे कोण ठरविणार, असा प्रश्न विचारून चित्रकारांनी 2016 मध्ये निदर्शने केली. शासनापासून स्वतंत्र म्हणविणाऱ्या कलावंतांनी शासनाच्याच मोडक्या दालनासाठी रस्त्यावर यावे, यात विसंगती नाही. नवोदितास अल्प भाड्यात मिळणारी भिंत ही कोणाच्या अभिरुचीची मिंधी नसते.

संगीताची जागा तर परवान्यावर टांगलेली आहे. 2005 च्या एका पोलिसी आदेशाने जिवंत वाद्यवृंद, कॅबरे आणि डिस्को यांना एकाच कलमाखाली आणले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये तो आदेश वैध ठरविला आणि अनेक उपाहारगृहांतील गाणे थांबले. ही गृहे पुष्कळदा निवासी वस्तीतील जुन्या बंगल्यांत होती. परवान्यास लागणारी इमारतीची कागदपत्रे त्यांच्यापाशी नव्हती. शेजाऱ्यांची झोप हाही नागरिकांचा हक्कच आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही गिटारवादन आणि कॅबरे यांत भेद न करणाऱ्या आदेशामागे संगीताविषयीचे एक विधान आहेच. विनोदाच्या बाबतीत ते विधान अधिक उघड झाले. 28 नोव्हेंबर 2021 रोजीचा मुनव्वर फारुकी यांचा कार्यक्रम सुव्यवस्थेचे कारण दाखवून पोलिसांनी होऊ दिला नाही. महाराष्ट्रात परीक्षण मंडळ संहिता वाचते. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी निदान कोणत्या वाक्यास आक्षेप आहे हे कळत तरी होते. येथे संहिता कोणी वाचत नाही, खोलीलाच कुलूप लागते. न वाचलेल्या शब्दाचा बचाव कोणी आणि कसा करावयाचा?

प्रत्यक्ष संगीताविषयी फार लिहावे असे नाही. 'थर्मल अँड अ क्वार्टर' या 1996 पासूनच्या वृंदाची वाद्यांवरील हुकमत निर्विवाद आहे. रघु दीक्षित यांनी शिशुनाळ शरीफ यांची तत्त्वपदे गिटारच्या साथीने देशोदेशी नेली, हे त्यांचे कार्य मोठे. मात्र शरीफांच्या पदांत घरगुती वस्तूच्या वर्णनाआडून जो गूढार्थ सरकत येतो, तो उत्सवी ठेक्यात हरवतो. सी. अश्वत्थ यांच्या गायनात तो अधिक ऐकू येत असे. अभंगांच्या नव्या चाली ऐकताना मराठी रसिकास हाच अनुभव येतो.

याउलट बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने जून 2015 मध्ये सुलतानपाळ्यातील रस्त्याच्या खड्ड्यात जिवंत वाटेल अशी मगर करून ठेवली, तिला ना दालन लागले ना परवाना. चांद्रयान-2 च्या दिवसांत, 2019 मध्ये, खड्ड्यांतून संथ पावले टाकणारा अंतराळवीरही त्यांचाच. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाने या कृतींचा निवाडा करता येणार नाही. खड्डा बुजला की कृती संपली, आणि तो बुजावा हाच तिचा हेतू. लौकिक प्रयोजनात पूर्णपणे विलीन होणाऱ्या अशा कृतीस कला म्हणावे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण साचलेले पाणी पाहून ज्याला मगर दिसली त्याची कल्पनाशक्ती कवीचीच आहे.

शहराला स्वतःच्या रूपाचे आकलन ज्या एका कृतीत झाले ती मात्र एका वयोवृद्ध, प्रतिष्ठित नाटककाराची आहे. कार्नाड यांनी 2012 मध्ये 'बेंद काळु ऑन टोस्ट' लिहिले. रानात वाट चुकलेल्या होयसळ राजा वीरबल्लाळास एका म्हातारीने उकडलेले दाणे दिले, त्यावरून गावास नाव पडले, अशी आख्यायिका आहे. बेगूरच्या शिलालेखात हे नाव त्या राजाच्या सुमारे तीनशे वर्षे आधीच येते. पण आख्यायिकेला शिलालेखाची पर्वा नसते. इतिहास आणि मिथक यांतून नाटके घडविणाऱ्या कार्नाडांनी या नाटकात नायकच ठेवला नाही. रस्त्यासाठी पडणाऱ्या झाडाकरिता झटणारी अंजना, तिचा संगीताच्या मागे लागलेला मुलगा कुणाल, परदेशी नोकरीच्या आमिषाने फसणारा प्रभाकर तेलंग, जिचा पत्ता कोणालाच नीट ठाऊक नाही ती मोलकरीण विमला, अशी माणसे येतात, एकमेकांना घासून जातात. 'स्वतंत्र' कलावंत येथे आहे, पण अनेकांतील एक म्हणून. आणि त्याचे स्वातंत्र्य ज्या घरावर उभे आहे त्या घराची भांडी कोण घासते, हे नाटक विसरू देत नाही. नाटकाची बांधणी सैल आहे हा आक्षेप खरा आहे. 'तुघलक'च्या घट्ट रचनेशी तुलना करणाऱ्यास ती खटकणारच.

प्रदीप वैद्य यांच्या अनुवादावरून मोहित टाकळकर यांनी पुण्याच्या 'आसक्त' या संस्थेतर्फे 2013 मध्ये 'उणे पुरे शहर एक' या नावाने त्याचा मराठी प्रयोग सिद्ध केला. मुळात भाषांच्या सरमिसळीने कळणारे वर्गभेद मराठीत येताना बोलीच्या भेदांवर सोपवावे लागतात, आणि त्यात अपरिहार्यपणे काही सुटते. झाडाचे दुःख पुण्याच्या प्रेक्षकास समजावून सांगण्याची गरज नव्हती. मराठी शीर्षक सुंदर आहे. ते कोणत्याही वाढत्या शहरास लागू पडते. त्यातून राजा गेला, म्हातारीचे दाणे गेले, ते फारसे खुपत नाही. टोस्टही गेला. कैलासम् यांच्या पात्रांनी प्रतिष्ठेसाठी तोंडात धरलेल्या इंग्रजी शब्दांचाच तो नातलग होता, हे कळण्यासाठी मराठी वाचकास मूळ कन्नड शीर्षकाकडे परतावे लागते.