खेचरावरचा सावकार

फ्लॉरेन्सच्या मेदिची वाड्यातलं प्रार्थनाघर लहानसं आहे. बेनोत्सो गोत्सोलीने १४५९ मध्ये त्याच्या भिंती रंगवायला घेतल्या. विषय जुना: बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले तीन राजे. पूर्वेच्या भिंतीवर सोनेरी पोशाखातला तरुण राजा आहे, आणि नजर आधी त्याच्यावरच जाते. मी मात्र थांबतो तो त्याच्या मागे चाललेल्या मंडळींपाशी.

तिथे पांढऱ्या घोड्यावर मेदिची घराण्यातला पिएरो आहे आणि शेजारी त्याचे वडील कोसिमो. युरोपातल्या बड्या पेढीचा हा धनी बसला आहे खेचरावर! मागे मिलानचा वारस गालेआत्सो मारिया आणि रिमिनीचा मालातेस्ता चांगले घोड्यांवर आहेत. कोसिमोची ही नम्रता भक्तीची तर आहेच, पण तिच्यात पक्कं राजकारणही आहे. फ्लॉरेन्स प्रजासत्ताक होतं. नऊ जणांचं शासनमंडळ दर दोन महिन्यांनी बदले, नावं पिशवीतून निघत. कोसिमोला १४३३ मध्ये हद्दपारी भोगावी लागली. पुढच्याच वर्षी तो परतला, आणि पिशवीत कुणाची नावं पडावीत हे त्याची माणसं पाहू लागली. गादी नसलेल्या सत्तेला मिरवणं परवडत नाही. बेनोत्सोने हे एका खेचरात दाखवलं, ही मला त्याची सर्वांत मोठी करामत वाटते.

खर्चात मात्र कसलीही कसर नाही. भिंतींवर अस्सल सोन्याचा वर्ख आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात तो कसा झळाळत असेल! पिएरोचं लक्षही बारीक. काही देवदूत त्याला खटकले, तेव्हा ते ढगांनी झाकण्याची तयारी चित्रकाराने पत्रातून कळवली.

हाच विषय का निवडला असेल? कोसिमोच्या वडिलांनी, जोव्हान्नींनी, १३९७ मध्ये पेढी काढली. पोपच्या दरबाराचा पैसा तिच्यातून फिरे. चर्चच्या लेखी व्याज हे पाप, म्हणून नफा हुंडीतल्या चलनांच्या फरकातून निघे. अशा घराला हे राजे जवळचे वाटणारच: ते श्रीमंत होते, सोनं घेऊन गेले, आणि देवाने ते स्वीकारलं.

भिंतींवरची ही मिरवणूक कुठेच पोहोचत नाही. तिचा मुक्काम वेदीवर आहे, फिलिप्पो लिप्पीच्या चित्रात. मूळ चित्र आता बर्लिनमध्ये आहे, इथे नक्कल. त्यात रानात बाळापुढे हात जोडलेली मेरी दिसते, राजे दिसत नाहीत. राजांची ती जागा वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या मेदिचींसाठी मोकळी ठेवली आहे, असं मी हे चित्र वाचतो.