‘पाहून टाकणे’, ‘पाहत बसणे’ आणि ‘पाहून ठेवणे’ : चित्रपटगणनेच्या छंदाचा विचार

वर्षारंभी एखादी संख्या मनाशी ठरवावी आणि तितके चित्रपट वर्षअखेरपर्यंत पाहून पुरे करावेत, असा संकल्प करणाऱ्या रसिकांचा एक वर्ग अलीकडे निर्माण झाला आहे. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ‘लेटरबॉक्स्ड’सारख्या साधनांमुळे पाहिलेल्या चित्रपटांची दिनांकवार नोंद ठेवणे सुलभ झाले व या संकल्पाला रोजकीर्दीचे रूप आले. याच्या उलट, हाती लागेल तो चित्रपट मन रमेल तोवर पाहणारा आणि त्याचा हिशेब न ठेवणारा प्रेक्षक पूर्वीपासून आहेच. पहिला वर्ग दुसऱ्यास उथळ समजतो. दुसरा पहिल्यास यांत्रिक म्हणतो. हे दोन्ही निवाडे उतावळे आहेत. त्यांची तपासणी करावयाची तर मराठी भाषेने ‘पाहणे’ या एकाच क्रियेच्या ज्या छटा जपून ठेवल्या आहेत, त्यांची मदत घेणे उपयुक्त ठरेल.

मराठीतील संयुक्त क्रियापदांचा विचार मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात झालेला आहे. या क्रियापदांत मुख्य धातू क्रिया सांगतो. सहायक धातू त्या क्रियेकडे कर्ता कोणत्या वृत्तीने पाहतो ते सांगतो. ‘पत्र लिहून टाकले’ या वाक्यात पत्र पुरे झाल्याची वार्ता आहेच, परंतु डोक्यावरचे ओझे उतरल्याचा सुटकाराही आहे. ‘गाणी ऐकत बसला’ यात क्रियेचे सातत्य आहे आणि बोलणारी व्यक्ती घरातील वडीलधारी असेल, तर वेळ फुकट दवडल्याचा ठपकाही आहे. ‘पाहून घेतो’ यास तर व्यवहारात उघड धमकीचा अर्थ आला आहे. या न्यायाने गणना करणारा रसिक चित्रपट ‘पाहून टाकतो’ आणि सहज पाहणारा ‘पाहत बसतो’, असे म्हणावयास हरकत नाही.

‘टाकणे’ या वृत्तीचा पहिला दोष असा की, ती विषम वस्तूंना समान करते. बेला तार यांचा ‘साटानटँगो’ (१९९४) सात तासांहून मोठा आहे. बस्टर कीटन यांचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) जेमतेम पाऊण तासाचा. यादीत मात्र दोहोंची किंमत एकच. साहजिकच वर्षअखेरीस संख्या मागे पडू लागली की आखूड चित्रपटांकडे हात जातो. रोज एक याप्रमाणे ३६५ चित्रपट, प्रत्येकी दोन तासांचे धरले, तरी ७३० तास होतात. म्हणजे रात्र-दिवस मोजून तीस दिवसांहून अधिक काळ. एवढा काळ देणाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निष्ठेचा नसून अवधानाचा आहे.

हा अवधानाचा प्रश्न एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतला आहे. २०२२ च्या कौलात शांताल आकरमान यांचा ‘झान डीलमान’ (१९७५) प्रथम क्रमांकावर आला आणि यादी पुरी करू पाहणाऱ्या अनेकांच्या वाट्यास तो आला. २०१ मिनिटांच्या या चित्रपटात ब्रुसेल्समधील एका विधवेचे तीन दिवसांचे घरकाम आहे. पहिल्या दिवसाचा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला, त्यालाच दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजल्याचा धक्का बसतो. त्या किरकोळ बिघाडातूनच पुढील अनर्थाची चाहूल लागते. ‘कधी संपेल’ या प्रश्नाने व्यापलेल्या मनाला बटाटे दिसतात, बिघाड दिसत नाही. चित्रपट पाहिल्याची नोंद होते. पाहणे मात्र राहून जाते.

तथापि एवढ्यावरून ‘पाहत बसणे’ श्रेष्ठ ठरत नाही. सहज पाहणाऱ्याला आपल्या आवडीची वाट इतकी परिचित असते की, ती सोडण्याचे त्यास कारणच पडत नाही. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू करणारी आजची प्रसारणसाधने या वृत्तीला अधिकच पोसतात. तेथे निवड प्रेक्षकाची राहत नाही, सवयीची होते. उलट, दर महिन्यास एक नवा देश किंवा एक नवे दशक असा नियम करणारा गणक उस्मान सेम्बेन यांच्या सेनेगलपर्यंत किंवा मूकपटांच्या काळापर्यंत पोहोचतो. संख्येचे हे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. संख्या दारापर्यंत नेते. आत जाणे तिच्या हाती नाही.

या दोन वृत्तींच्या पलीकडे मराठीत तिसरा प्रयोग आहे : ‘पाहून ठेवणे’. यात क्रियेची पूर्तता आहे, पण वस्तू टाकून दिलेली नाही. पुढे लागेल म्हणून ती जपलेली आहे. पुणे येथे १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांनी पाहिलेल्या चित्रपटांची संख्या सामान्य गणकास लाजविणारी होती. परंतु त्यांच्या वह्यांत टिपणे होती. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या अनुबोधपटात त्यांच्या या ध्यासाचे दर्शन घडते. विपुल पाहणे व सखोल पाहणे यांत मुळात विरोध नाही, हे त्यातून सिद्ध होते. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या (१९६८) संस्थांनी चित्रपटाच्या जोडीला चर्चेची प्रथा रुजविली, तीही ‘ठेवण्या’चीच एक रीत होय.

मग या छंदाची कसोटी कोणती? ती पुनर्दर्शनाची असावी. ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला; तो पुनःपुन्हा पाहणाऱ्यांवाचून असे यश संभवत नाही. त्या प्रेक्षकांना संख्या वाढवावयाची नव्हती. आजच्या नोंदसाधनांतही दुसऱ्यांदा पाहिल्याची खूण करता येते. पण नव्या चित्रपटांची संख्या गाठण्याचा संकल्प असेल तर ती खूण हिशेबात धरली जात नाही. पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला आणि संकल्पास बाध येईल म्हणून तो टाळला, तर तेथे संख्येने रसिकतेवर मात केली असे समजावे. वर्षात पन्नास चित्रपट कमी पडले तरी चालेल. त्यांपैकी पाच पुन्हा पाहावेसे वाटले, तर वर्ष वाया गेले नाही.