एसएसएच किल्ल्यांची निर्मिती आणि व्यवस्थापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

दूरस्थ संगणकावर सुरक्षित प्रवेश करणे ही आता केवळ संगणकशास्त्र विभागाची गरज राहिलेली नाही. ग्रंथालयाची सूची, परीक्षा विभागाची माहिती आणि महाविद्यालयाचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर असते, त्याची देखभाल बहुधा दुरूनच केली जाते. या कामासाठी जगभर प्रचलित असलेले साधन म्हणजे ‘ओपनएसएसएच’ होय. त्यातील किल्ल्या तयार करणारी ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा आणि तिच्याभोवती रूढ झालेली कार्यपद्धती यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. किल्लीच्या निर्मितीबाबत हे साधन दक्ष आहे. तिच्या पुढील आयुष्याबाबत मात्र ते सर्व भार वापरणाऱ्यावर टाकते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी :

टेलनेट, आरलॉगिन यांसारख्या जुन्या पद्धतींत परवलीचा शब्द नेटवर्कवरून उघडाच जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर तेथीलच तातु युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून ओपनएसएसएच पुढे आले.

या पद्धतीत किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली आपल्या संगणकावर राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील ‘ऑथराइज्ड कीज’ या फाइलमध्ये एका ओळीच्या रूपाने नोंदवली जाते. प्रवेशाच्या वेळी आपला संगणक त्या सत्राशी निगडित माहितीवर खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो आणि सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने पडताळतो. खासगी किल्ली नेटवर्कवरून कधीच प्रवास करीत नाही. परवलीच्या शब्दाच्या तुलनेत ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

निर्मिती : सामर्थ्य आणि एक धडा

कोणता किल्लीप्रकार निवडावा, हा प्रश्न सामान्य वापरकर्त्याला पेलणारा नाही. ओपनएसएसएचच्या कर्त्यांनी तो स्वतःच्या शिरावर घेतला, हे मान्य केले पाहिजे. ‘ईडी२५५१९’ हा किल्लीप्रकार २०१४ मध्ये समाविष्ट झाला आणि २०२३ मधील ९.५ या आवृत्तीपासून काहीही न निवडल्यास तोच तयार होऊ लागला. कमकुवत ठरलेला ‘डीएसए’ हा प्रकार २०२५ मधील १०.० या आवृत्तीत पूर्णपणे काढून टाकण्यात आला.

तथापि किल्लीचे बळ यादृच्छिकतेवर अवलंबून असते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणातील ओपनएसएसएल या घटकात केलेल्या एका बदलामुळे ही यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली. दोष मे २००८ मध्ये उघड झाला, तेव्हा असे दिसले की ठरावीक प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी एका संगणकरचनेवर सुमारे ३२ हजारच शक्यता उरल्या होत्या. त्या सर्व आधीच तयार करून एकेक वापरून पाहणे सहज शक्य होते. सॉफ्टवेअर दुरुस्त झाले, पण तेवढ्याने भागले नाही. त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या ज्या ज्या सर्व्हरवर नोंदवल्या गेल्या होत्या, तेथून त्या शोधून काढाव्या लागल्या. मग तो सर्व्हर डेबियनचा असो वा नसो. निर्मितीतील दोष अखेर व्यवस्थापनाच्याच दारात येऊन उभा राहतो, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

व्यवस्थापन : मुख्य उणीव

एसएसएच-कीजेन चालवल्यावर परवलीचे वाक्य विचारले जाते. एंटर दाबून ते रिकामे सोडता येते. किल्लीच्या शेवटी वापरकर्त्याचे व संगणकाचे नाव येते, परंतु ती केवळ टीप असते आणि कोणालाही बदलता येते. किल्ली कोणाची, कशासाठी व केव्हापर्यंत, या तीन प्रश्नांची खात्रीशीर उत्तरे त्या ओळीत आपोआप येत नाहीत.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की सोयी तर उपलब्ध आहेत. मुदत असलेली प्रमाणपत्रे २०१० पासून, बाद किल्ल्यांची यादी २०१३ पासून, ओळीतच मुदत लिहिण्याचा ‘एक्स्पायरी-टाइम’ हा पर्याय २०१८ पासून आणि हार्डवेअर किल्लीचा आधार २०२० पासून मिळतो. हे खरे आहे. परंतु या सर्व सोयी ऐच्छिक आहेत. किल्लीप्रकाराबाबत जी काळजी साधनाने न विचारता घेतली, ती मुदतीबाबत घेतली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने एसएसएच किल्ल्यांच्या व्यवस्थापनावर स्वतंत्र अहवाल काढला आणि त्याच्या लेखकांत स्वतः युलोनेन होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

उणिवेचे मूळ काही अंशी ‘किल्ली’ या रूपकातही आहे. पितळी किल्ली परत घेता येते. संगणकीय किल्ली परत घेता येत नाही, कारण तिची प्रत मागे उरली नाही याची खात्री देता येत नाही. वस्तुतः ‘सार्वजनिक किल्ली’ हे सर्व्हरच्या दाराला लावलेले कुलूप आहे. आपल्या हाती असते ते कुलूप काढणे एवढेच.

महाविद्यालयांच्या संदर्भात :

कार्यमुक्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र आपण आवर्जून घेतो, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगाही मोजून घेतो. त्याने सर्व्हरवर नोंदवलेली ओळ मात्र त्या यादीत सहसा नसते. तासिका तत्त्वावरील शिक्षक, प्रयोगशाळा साहाय्यक, पुरवठादाराचा तंत्रज्ञ हे सर्व जातात, दार मात्र उघडे राहते. त्या दाराआड विद्यार्थ्यांचे गुण असू शकतात.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक सर्व्हरवरील प्रत्येक खात्याची, विशेषतः ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याची, ऑथराइज्ड कीज फाइल तपासावी. प्रत्येक ओळीसमोर व्यक्ती, प्रयोजन व दिनांक यांची नोंदवहीत नोंद करावी. धनी न सापडणारी ओळ स्वयंचलित कामांची खातरजमा करून काढावी. एका व्यक्तीस एक किल्ली हा नियम पाळून सामायिक किल्ली बंद करावी. तात्पुरत्या व्यक्तीच्या ओळीत सत्रअखेरची मुदत घालावी आणि कार्यमुक्तीच्या अर्जात ‘सर्व्हरवरील नोंद काढली’ असा एक रकाना वाढवावा.

समारोप :

ओपनएसएसएचने परवलीच्या शब्दाच्या चोरीवर दिलेले उत्तर भक्कम आहे आणि त्याच्या गणिताबद्दल येथे तक्रार नाही. परंतु प्रवेश देण्याची कृती जितकी सोपी, तितकीच तो काढून घेण्याची कृती विस्मरणात जाणारी आहे. साधन ही आठवण करून देत नाही, तोवर ती ठेवण्याची जबाबदारी संस्थेची आहे आणि ती तंत्रज्ञावर सोपवून आपणा अध्यापकांना मोकळे होता येणार नाही.