खेळण्यांतील श्लेष

खेळण्याचें परीक्षण करावयाचें म्हटलें कीं पुष्कळांच्या मुद्रेवर हसूं उमटतें. पुस्तकाचें परीक्षण व्हावें, नाटकाचें व्हावें, चित्राचें व्हावें. पण खोक्यांतून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या यंत्रपुरुषाचें कसलें आलें आहे परीक्षण? तथापि ज्या वस्तूच्या संगतींत मूल तासन् तास रमतें, जी त्याच्या बोटांना वळण लावते आणि जिच्यावरून तें जगांतील वस्तूंविषयीं आपलीं पहिलीं अनुमानें बांधतें, ती वस्तु टीकेच्या कक्षेबाहेर ठेवावयास आम्हांस तरी कांहीं कारण दिसत नाहीं. वाईट कादंबरी मिटून ठेवतां येते. वाईट खेळणें मात्र वाढदिवसाच्या भेटीच्या रूपानें घरांत शिरतें आणि वर्षानुवर्षें कपाट अडवून बसतें.

आम्ही येथें ज्या जातीच्या खेळण्याचा विचार करणार आहों, तें हातांत जेट विमान म्हणून येतें आणि सांधे फिरवीत गेलें कीं शस्त्रधारी यंत्रपुरुष होऊन उभें राहतें. या जातीचे दोन नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला, १९८२ सालीं जपानांत सुरू झालेल्या 'मॅक्रॉस' या चित्रमालिकेंतील 'व्हॅल्किरी' विमान. याची १/५५ प्रमाणाची प्रतिकृति ताकातोकु कंपनीनें काढली. दुसरा, १९८४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें 'ट्रान्सफॉर्मर्स' या मालेंत आणलेला 'स्टारस्क्रीम'. जन्मानें तोहि जपानीच. ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' मालेंतून तो अमेरिकेंत गेला.

अशा खेळण्याला कसोटी कोणती लावावी? आमच्या मतें ती आपल्या अलंकारशास्त्रांत तयारच आहे. तिचें नांव श्लेष. 'कर' या एकाच शब्दांत हात आहे, किरण आहे आणि सरकारास द्यावयाचा साराहि आहे. शब्द जसाच्या तसा, अर्थ मात्र तीन. हा अभंग श्लेष. 'सुमन' म्हणजे फूल. पण शब्द तोडून वाचला कीं 'सु-मन', म्हणजे चांगलें मन. हा सभंग श्लेष. दोहोंतहि नियम एकच: बाहेरून अक्षर आणावयाचें नाहीं आणि हातचें टाकावयाचें नाहीं. दुसऱ्या अर्थासाठीं जो कवि पदरचें अक्षर घालतो, त्यानें श्लेष साधला नाहीं. केवळ दोन शब्द लिहिले. रूपांतर पावणाऱ्या खेळण्यालाहि हाच नियम लागू आहे. विमानाचा प्रत्येक भाग यंत्रपुरुषाच्या देहांत कामास आला पाहिजे, आणि यंत्रपुरुषाचा कोणताहि अवयव विमानाखालीं ओझें म्हणून लोंबतां कामा नये.

या कसोटीस व्हॅल्किरी उतरते, आणि तें कसें हें पाहण्यासारखें आहे. तिचे रचनाकार शोजी कावामोरी यांनीं अमेरिकन आरमाराचें एफ-१४ टॉमकॅट हें विमान डोळ्यांपुढें ठेवलें. १९७० सालीं पहिलें उड्डाण केलेलें हें विमान २००६ सालीं आरमाराच्या सेवेंतून निवृत्त झालें. त्याचीं दोन एंजिनें एकमेकांना चिकटलेलीं नाहींत. त्यांच्यामध्यें रुंद पन्हळ आहे. पंख तर मुळांतच हलते: वेग वाढला कीं मागें दुमडणारे. कवीला अनेकार्थी शब्द सांपडावा तसें हें विमान कावामोरींना सांपडलें. दूर दूर असलेल्या दोन एंजिनांचे दोन पाय झाले. ज्वाळा बाहेर टाकणारीं तोंडें मिटून पावलें झालीं. मधल्या पन्हळींत हात घडी करून बसले. नाकाडाचें धड झालें, दुमडणारे पंख पाठीशीं गेले, आणि विमानाच्या पोटाखालीं तोफेसारखें दिसणारें जें होतें तें यंत्रपुरुषाचें मस्तक निघालें. ताकातोकुच्या खेळण्यांत हे सर्व फेरफार देहाचा एकहि भाग अलग न करतां होतात. विमानाखालीं टांगलेली बंदूक तेवढी काढावयाची, ती हातांत देण्यासाठीं.

पण श्लेष नुसता साधून भागत नाहीं; त्याला प्रयोजन लागतें. विमानानें माणूस व्हावेंच कां? 'मॅक्रॉस'च्या गोष्टींत याचें उत्तर आहे. पृथ्वीवर चालून येणारे शत्रु हे माणसाच्याच आकाराचे, पण सुमारें दहा मीटर उंचीचे राक्षस आहेत. त्यांच्याशीं हातघाईवर यावयाचें तर विमानाला हातपाय फुटलेच पाहिजेत. क्षेमेंद्रानें ज्याला औचित्य म्हटलें आहे, तें येथें आहे.

दोषहि सांगितले पाहिजेत. विमानाच्या रूपांत घडी केलेले हात खालून स्पष्ट दिसतात, आणि चित्रांतील सडपातळपणा प्रतिकृतींत उतरत नाहीं. यंत्रपुरुष उभा राहतो तो कवायतींतल्या शिपायासारखा. कमरेंतून पाय पुढें टाकणें त्याला जमत नाहीं. परंतु या दोषांची भरपाई तिसऱ्या एका रूपानें होते. विमानाचें धड तसेंच ठेवून पाय खालीं सोडले आणि हात बाहेर काढले कीं 'गर्वॉक' नांवाचें एक रूप होतें: धड विमान नव्हे, धड मनुष्य नव्हे, नरसिंहासारखें उंबरठ्यावरचें. वळलेल्या पायांवर उभा असलेला हा लोखंडी बगळा आम्हांस तिन्ही रूपांत सरस वाटतो. इतर खेळण्यांत जी केवळ मधली अडचण असते, तिला येथें स्वतःचें नांव आणि स्वतःचें सौंदर्य मिळालें आहे.

स्टारस्क्रीमची गोष्ट निराळी. तो एफ-१५ ईगल विमानाचें रूप घेतो. या विमानाचीं एंजिनें जवळजवळ असल्यामुळें पाय आंखूड आणि जोडलेले झाले. हात खांद्यापाशीं फिरतात, याहून अधिक हालचाल नाहीं. मुख्य दोष असा कीं त्याच्या मुठी सुट्या आहेत. विमान करावयाचें असेल तर त्या उपटून कोठें तरी ठेवाव्या लागतात. आणि ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरांत 'कोठें तरी' ठेवलेल्या वस्तूचें काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. ही पदरचीं अक्षरें झालीं. श्लेषाच्या दृष्टीनें येथें कवि उणा पडला आहे.

असें असूनहि स्टारस्क्रीम लोकांच्या मनांत टिकला, याचें कारण त्याच्या देहांत नसून त्याच्या स्वभावांत आहे. डायाक्लोनच्या मालेंत हें विमान म्हणजे एक वाहन होतें. त्यांत बसावयास इंचभर उंचीचा वैमानिक मिळे. हॅस्ब्रोनें वैमानिक काढून टाकला आणि यंत्रालाच जीव दिला. या पात्रांना नांवें व स्वभाव देण्याचें काम मुख्यतः मार्व्हल कंपनीचे बॉब बुडिआन्स्की यांनीं केलें. स्टारस्क्रीम हा खलनायक मेगाट्रॉनचा उपसेनापति, आणि धन्याची गादी बळकावण्याची संधि सतत शोधणारा. त्याचें विमान होणें ही गरज नसून सोंग आहे. मारीचानें मृगाचें कातडें पांघरावें तसा हा विमानाचें कवच पांघरतो. ज्याचें अंतःकरण दुहेरी त्याचा देहहि दुहेरी. व्हॅल्किरीचें औचित्य कथानकांतून आलें, स्टारस्क्रीमचें स्वभावांतून. मात्र त्याच्या नाकाडावरची काच उघडली कीं आंत तें रिकामें आसन अद्याप दिसतें. ज्याला स्वतःचा जीव आहे त्याच्या छातींत दुसऱ्या कुणाची जागा कशाला, हा प्रश्न चौकस मुलाला पडल्यावांचून राहत नाहीं, आणि खोक्यावर त्याचें उत्तर नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. या खेळण्याचा खरा आशय विमानांत नाहीं आणि यंत्रपुरुषांतहि नाहीं. एकाचें दुसरें होतांना हातांतून जें जातें, त्यांत तो आहे. मूल पहिल्या दिवशीं कागद पाहून सांधे फिरवतें, आठव्या दिवशीं कागदावांचून, आणि महिन्यानें डोळे मिटून. एका वस्तूच्या पोटांत दुसरी वस्तु असते आणि ती जबरदस्तीनें नव्हे, क्रमानें बाहेर काढावी लागते, हें त्याला बोटांनीं कळतें. सांधा चुकीच्या दिशेनें दाबला तर मोडतो, ही शिकवणहि लहान नव्हे. म्हणून दोन टोकें सुंदर करण्यासाठीं मधल्या वाटेचा बळी देणारें खेळणें आम्हांस पटत नाहीं. २००० नंतरच्या दशकांत जपानच्या यामातो कंपनीनें प्रथम काढलेल्या १/६० प्रमाणाच्या व्हॅल्किरींत पाय काढून पुन्हां बसवावे लागत. पुढें तिलाच तो दोष दूर करून नवी आवृत्ति काढावी लागली. आणि २०२१ सालीं हॅस्ब्रो व रोबोसेन यांनीं सुमारें सातशें डॉलर किंमतीचा एक ऑप्टिमस प्राइम आणला. तो तोंडी आज्ञा होतांच आपला आपण ट्रक बनतो. कौशल्य थोर आहे, यांत संशय नाहीं. पण तेथें मुलानें करावयाचें काय उरलें? कर्त्याचा प्रेक्षक झाला. पंचवीस सेंटिमीटरच्या जुन्या विमानानें जें त्याला दिलें होतें, तें नेमकें या महाग यंत्रानें काढून घेतलें.

एक आक्षेप मात्र आम्ही टाळणार नाहीं. दोन रूपें देऊन दोन्ही युद्धाचींच दिलीं: उडणारा शिपाई आणि चालणारा शिपाई. 'मॅक्रॉस'च्या कथेंत संस्कृति म्हणजे काय हें ठाऊक नसलेले राक्षस शेवटीं एका तरुणीच्या गाण्यानें विचलित होतात आणि युद्धाचें पारडें फिरतें. पण खोक्यांत गाणें घालतां येत नाहीं, बंदूक तेवढी येते. कथेचा अर्धा आणि श्रेष्ठ भाग दुकानाच्या दारांतच राहतो. तो घरांत आणण्याचें काम वडीलधाऱ्यांचें आहे. मुलाशेजारीं बसून गोष्ट पुरी सांगितली तरच तें होईल.

एवढें सांगून आमचा अभिप्राय असा: अशा खेळण्याची निवड करतांना त्याच्या दोन रूपांचीं चित्रें पाहून भुलूं नये. विमान किती हुबेहूब आहे हें दुसरें, यंत्रपुरुष किती उग्र आहे हें तिसरें. पहिलें हें पाहावें कीं त्याचें कांहीं सुटें होऊन हरवतें काय, आणि रूप पालटण्याचें काम मुलाच्या हातांत राहतें काय. या दोन प्रश्नांना ज्याचें उत्तर चांगलें, तें खेळणें चांगलें. मग त्याचे पंख थोडे जाड असले तरी चालतील.