खलनायक, रहस्यकथेतील
गुन्हा, कपट किंवा अमंगल शक्तीचा आश्रय यांद्वारे कथेतील रहस्यास कारण होणारे पात्र. लघुकथेत विस्तारास वाव थोडा असल्यामुळे त्याचा प्रभाव क्रौर्याच्या वर्णनापेक्षा तो वाचकापासून किती अंतरावर उभा केला आहे, यावर अवलंबून असतो.

एडगर ॲलन पो (१८०९–४९) याच्या ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) या कथेत सूड घेणारा माँट्रेसॉर हाच निवेदक आहे. नेमका अपमान कोणता, हे तो सांगत नाही. अर्धशतकानंतरही त्याला शासन झालेले नसते. सर आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) याच्या ‘द फायनल प्रॉब्लेम’मधील (१८९३) मॉरिआर्टीचा परिचय मुख्यतः होम्सच्या तोंडून होतो, त्यामुळे दरारा मोठा, पण व्यक्तिरेखा धूसर राहते. याउलट, ‘द स्पेकल्ड बँड’मधील (१८९२) डॉ. रॉयलट हा घरातलाच सावत्र पिता आहे. मुलींच्या विवाहामुळे आपले उत्पन्न घटेल, हा त्याचा व्यवहारी हेतूच भयावह ठरतो. शरदिंदू बंदोपाध्याय (१८९९–१९७०) यांच्या ‘सत्यान्वेषी’ या बंगाली कथेतील अनुकूलबाबू कोकेनचा चोरटा व्यापार करतो. होमिओपॅथी डॉक्टराचा मनमिळाऊपणा हेच त्याचे वेषांतर होय.

मराठीत बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या सहस्राहून अधिक रहस्यकथांपैकी बहुतेक छोट्या कादंबरीएवढ्या आहेत. वेषांतर, साहस आणि कायद्याला बगल देण्याचे कसब हे एरवी खलनायकाला शोभणारे गुण त्यांनी झुंजार, काळापहाड या नायकांना दिले. परिणामी खलनायकाच्या वाट्याला प्रायः लोभ व दुष्टपणाच आला आणि वाचकांच्या स्मरणात नायक राहिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांत दुष्टतेचे मूळ अमानवी शक्तीत असते. तिच्यामुळे भय वाढते. तथापि माणूस निव्वळ माध्यम ठरला, की त्याची नैतिक जबाबदारी शिथिल होते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या अनेक गूढकथांत ही जबाबदारी पुन्हा माणसाकडे येते. तेथे अनिष्टाचा उगम बहुधा परिचित कुटुंबातील एकाकीपणात किंवा दडपलेल्या इच्छेत असतो. रॉयलटच्या मृत्यूबरोबर त्याची कथा निर्धास्तपणे संपते. माँट्रेसॉरची तशी संपत नाही. मतकरींच्या अशा कथांचे नाते या दुसऱ्या परंपरेशी अधिक जवळचे आहे. रहस्य उलगडल्यावरही त्यांतील अस्वस्थता ओसरत नाही.